मालक, एक किंवा अनेक

डाग्नीने ‘वजन’ या शब्दापुढे दोन टिंबं दिली, त्यांच्यापुढे ‘आकडा’ असं लिहिलं आणि सगळ्या नोंदी पुन्हा एकदा तपासणीतून सोडल्या. पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. एकेचाळीस मेंढ्यांचं वजन आकडा नव्हतं. तिने त्या नोंदी उघडून पाहिल्या. एका मेंढीच्या वजनापुढे लिहिलं होतं, ‘बरी आहे’. दुसरीच्या पुढे, ‘गेल्या वर्षीपेक्षा जड’. तिसरीच्या पुढे नुसतंच, ‘विचारू नका’.

खोलीत ती एकटीच होती, तरी मोठ्याने हसली. मग उठून किटलीतली कॉफी ओतून घेतली आणि एकेक नोंद दुरुस्त करायला बसली.

ती खोली समाजमंदिराच्या स्वयंपाकघरामागे होती. एरवी तिथे घडीच्या खुर्च्या आणि नाताळातले दिवे ठेवत. जुलैपासून खुर्च्या एका भिंतीला गेल्या होत्या आणि दुसऱ्या भिंतीशी डाग्नीचं टेबल आलं होतं. खिडकीतून ग्रेनदालचं सगळं खोरं दिसायचं. कापलेली गवताची रानं, त्यांत पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले चाऱ्याचे गठ्ठे, आणि त्यांच्या वर तो डोंगर, जिथे या घटकेला खोऱ्यातल्या सत्तावीस वाड्यांच्या अकरा हजार मेंढ्या कुणाचीही पर्वा न करता चरत होत्या. शनिवारी त्या खाली यायच्या होत्या. खाली आल्या की गोल कोंडवाड्यात घालून, कुठली कुणाची ते बघून, ज्याच्या त्याच्या कप्प्यात ढकलायच्या.

कुठली कुणाची, हे सांगणारा प्रोग्रॅम पाल्मी मास्तरने लिहिला होता, त्याला बावीस वर्षं झाली. मास्तर शाळेत गणित शिकवायचा आणि संध्याकाळी हौसेने प्रोग्रॅम लिहायचा. त्याने लिहिलेलं चालायचं, आणि झकास चालायचं, पण कुठल्या नावाखाली काय येणार हे त्याने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यात होतं. ‘वय’मध्ये आकडा यायचा, पण कधी कधी ‘म्हातारी’ असंही यायचं. ‘सापडली’मध्ये कधी तारीख, कधी गावाचं नाव, कधी काहीच नाही. जोवर मास्तर स्वतः कोंडवाड्याशी बसत होता तोवर हे खपून गेलं. गेल्या वर्षी तो गुडघे शेकायला टेनेरीफच्या उन्हात गेला तो तिथेच रमला, आणि मालकाच्या नावाच्या पट्ट्या छापणारं नवीन यंत्र जोडल्यावर भर गर्दीच्या दिवशी प्रोग्रॅमने मान टाकली. कानांवरच्या खुणा ओळखायला अकरा हजार मेंढ्यांचे कान माणसांना एकेक करून हाताने चाचपावे लागले. अंधार पडला तरी निम्म्याच झाल्या होत्या. त्या दिवसाबद्दल खोऱ्यात अजून कुणी विनोद केला नव्हता, यावरून काय ते समजावं.

डाग्नी मूळची याच खोऱ्यातली. राजधानीत, रेक्याविकमध्ये बारा वर्षं प्रोग्रॅम लिहून, कंपनी बंद पडल्यावर, दोन महिने डोकं शांत करायला म्हणून ती आली होती. केटिलने तिला गाठलं. केटिल खोऱ्याचा डोंगरराजा, म्हणजे सप्टेंबरात चाळीस घोडेस्वार घेऊन डोंगर विंचरून काढणारा म्होरक्या. समितीपुढे दोन वाटा होत्या. एक तर शहरातल्या कुठल्याशा कंपनीचा तयार प्रोग्रॅम विकत घ्यायचा, नाही तर मास्तरचाच दुरुस्त करायचा. दुरुस्त झाला तर तो सांभाळायला वर्षभर माणूस लागणार होतं. ते माणूस आपण असावं असं डाग्नीला जुलैच्या शेवटी वाटू लागलं आणि ऑगस्टात तर फारच वाटू लागलं, पण ती कुणाला बोलली नव्हती.

काम सरळ होतं, फक्त पुष्कळ होतं. प्रत्येक नावापुढे लिहायचं: इथे आकडा येईल, इथे मजकूर, इथे तारीख, इथे तारीख किंवा काहीच नाही. प्रत्येक कृतीला सांगायचं, तू हे घेशील आणि हे देशील. मग तपासनीस प्रोग्रॅम सगळं वाचून, कुणाचं कुणाशी जुळत नाही ते तक्रार करून सांगायचा. जुलैत पहिल्याच दिवशी त्याने दोन हजार तीनशे बारा तक्रारी केल्या होत्या. त्या सोमवारी दुपारी, ‘विचारू नका’ मेंढीचं वजन शोधून लिहिल्यावर, एक उरली.

एकच. ‘मालक’ नावाच्या कृतीत.

‘मालक’ला मेंढीचा नंबर द्यायचा, ती मालकाचं नाव द्यायची. डाग्नीने तिच्यापुढे लिहिलं होतं: मजकूर, एक नाव. तपासनीस म्हणत होता की तसं नाही. अकरा हजारांतली एक मेंढी, नंबर तीनशे सात, विचारल्यावर दोन नावं देत होती. वरच्या वाडीचा टोर्वी आणि खालच्या वाडीची हालबेरा.

गेल्या वर्षी पट्ट्यांचं यंत्र नेमकं इथेच अडकलं असणार, हे तिच्या ध्यानात आलं. एका पट्टीवर एकच नाव छापायला शिकवलेल्या यंत्राच्या तोंडात दोन नावं कोंबली होती.

यातून सुटायची एक सोपी वाट होती आणि ती डाग्नीला ठाऊक होती. ‘मालक’पुढे ‘काहीही’ असं लिहायचं. ‘काहीही’ लिहिलं की तपासनीस मुकाट होतो. तिने लिहून पाहिलं. तक्रारी शून्य झाल्या. ती त्या शून्याकडे बघत बसली. मग उठली, खिडकी उघडली, बंद केली, परत आली आणि ‘काहीही’ खोडून टाकलं.

तिने मास्तरला फोन लावला. त्याने उचलला नाही. तिने निरोप ठेवला: तीनशे सात नंबरच्या मेंढीला दोन मालक का?

संध्याकाळी ती पोहायच्या तलावावर गेली. गरम पाण्याच्या हौदात केटिल गळ्यापर्यंत बसला होता. खोऱ्याचे निम्मे निर्णय याच हौदात व्हायचे. तिने विचारलं तेव्हा तो आधी हनुवटीपर्यंत, मग खालच्या ओठापर्यंत पाण्यात सरकला.

मग त्याने सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी हालबेराचा मेंढा कुंपण ओलांडून टोर्वीच्या मेंढ्यांत शिरला, नको त्या महिन्यात. कुंपण कुणी दुरुस्त करायचं होतं यावरून दोघांची जुंपली. पुढच्या सप्टेंबरात त्या उद्योगातून झालेलं तपकिरी कोकरू डोंगरावरून खाली आलं, तेव्हा कोंडवाड्याच्या मधोमध एक शिंग टोर्वीच्या हातात आणि एक हालबेराच्या. त्याआधी दोघं शाळेपासूनचे शेजारी, गवत कापायला एकमेकांकडे जाणारे. त्या दिवसापासून बोलणं बंद. मेंढी मात्र दोघांची. एक हिवाळा वरच्या वाडीत, एक खालच्या. ती म्हातारी झाली की तिचं एक कोकरू ठेवायचं, पुन्हा तेच. आत्ताची पाचवी पिढी. दर सप्टेंबरात ज्याची पाळी तो मुकाट्याने तिला आपल्या कप्प्यात नेतो, दुसरा दुसरीकडे बघतो.

“तू एक नाव टाक आणि मोकळी हो,” केटिल म्हणाला.

“कुणाचं?”

“टोर्वीचं टाक.” त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. “नाही, हालबेराचं टाक. आणि हे बघ, मी काही सांगितलेलं नाही. गुरुवारच्या बैठकीत शून्य दिसलं पाहिजे, एवढंच मी सांगितलंय.”

धुक्यात, कड्याच्या टोकावर घोडा घालणारा माणूस, पण या दोघांच्या मध्ये उभं राहायची वेळ आली की तो ओठापर्यंत पाण्यात जायचा.

मंगळवारी सकाळी ती वरच्या वाडीला गेली. टोर्वी अंगणात चारचाकी मोटरसायकल उलटी पाडून तिच्या पोटात हात घालून बसला होता. अडुसष्ट वर्षांचा, उंच, पाठीत जरासा वाकलेला. त्याने डाग्नीला लहानपणी घोड्यावर बसवलं होतं आणि घोड्यावरून पाडलंही होतं, त्यामुळे दोघांत आडपडदा नव्हता. तिने काम सांगितलं. यंत्राला एक नाव हवंय, एकाच मेंढीला दोन आहेत.

“ती माझ्यामुळे नाहीत,” टोर्वी म्हणाला. “दर वर्षी मेंढ्यांच्या यादीचा कागद येतो, त्यावर तिचं नाव असतंच. कोण लिहायला लावत असेल? मी तर कधी लावलं नाही. तीच जाऊन सांगत असणार मास्तरला. हट्टी आहे. शाळेपासून हट्टी.”

“मग आता काढून टाकू? तुझं एकट्याचं ठेवू?”

टोर्वीने हात पुसायचं फडकं घेतलं. हात पुसून झाल्यावरही तो ते चोळत राहिला.

“नको,” तो म्हणाला. “अठरा वर्षं एखादं माणूस दर सप्टेंबरला आठवणीने नाव ठेवायला सांगतंय. मग मीच कशाला मध्ये येऊ? तिचं लिही. एकटीचं.”

पण निघताना त्याने तिला मेंढवाड्यात नेलं. यंदा मेंढी ठेवायची पाळी त्याची होती. कोपऱ्यात, जिथे खिडकीतून ऊन येतं, तिथे त्याने नवी फळी ठोकून वेगळी जागा केली होती. तिला गर्दी आवडत नाही, असं तो म्हणाला. बोलला मात्र फळीकडे बघून.

खालची वाडी तिथून पायी दहा मिनिटांवर, पण कुंपणाला मध्ये वाट नसल्याने गाडीने वळसा घालून वीस. हालबेरा तेलात शंकरपाळ्यांसारखे गोड क्लेनुर तळत होती. पिठाच्या पट्टीला मध्ये चीर द्यायची, तिच्यातून टोक ओढून काढायचं आणि तेलात सोडायचं. तिची बोटं हे बोलता बोलता करत होती आणि एकदाही चुकत नव्हती. ठेंगणी, टणक बाई, तिची वाडी तिने एकटीनेच सांभाळली होती. कोंडवाड्याच्या दिवशी सगळ्या खोऱ्याला क्लेनुर तिचेच लागत.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि झारा तेलाच्या कडेला टेकवला.

“तोच,” ती म्हणाली. “मला माहीत होतं. दर वर्षी जाऊन सांगत असणार, हालबेराचं नाव राहू द्या म्हणून. उपकार. कबूल करायचंच नाही, तोंडाने बोलायचं नाही, पण कागदावर नाव ठेवायचं. हट्टी माणूस.”

“मग तुझं एकटीचं लिहू?”

“छे. त्याने एवढी वर्षं पाळलंय ते. टोर्वीचं लिही. एकट्याचं.” तिने पुढची पट्टी तेलात सोडली आणि ती फुगून वर आल्यावर झाऱ्याने उलटली. “यंदाही सांगितलं का गं त्यानं? नाव ठेवायला?”

मास्तरला विचारायला लागेल, असं काहीतरी डाग्नी म्हणाली. हालबेराने तिला कागदी पिशवीत दोन डझन क्लेनुर बांधून दिले. गाडीत बसल्यावर डाग्नीने पहिला खाल्ला आणि मग तशीच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. आता तिच्याकडे दोन उत्तरं होती आणि दोन्ही बिनकामाची. दोघांनीही मेंढी देऊन टाकली होती आणि देताना दोघांचाही चेहरा, चुकून दात उपटून घेतलेल्या माणसासारखा झाला होता.

बुधवारी दुपारी मास्तरचा फोन आला. मागे कुणीतरी लाकडी चेंडू आपटत होतं आणि पुष्कळ लोक हसत होते.

“तीनशे सात,” मास्तर म्हणाला. “तपकिरी असेल.”

“तपकिरीच आहे. मास्तर, दर वर्षी तुला नाव ठेवायला कोण सांगायचं? टोर्वी की हालबेरा?”

“कोणी नाही.”

“म्हणजे?”

त्याने सांगितलं ते असं. त्या पहिल्या वर्षी दोघं शिंगं धरून उभे होते, पाऊस लागला होता, समाजमंदिरात मटणाचं सूप तयार होतं आणि एकशे चाळीस माणसं त्या दोघांमुळे खोळंबली होती. मास्तरने वैतागून दोन्ही नावं टाकली आणि ओरडून सांगितलं की झालं, चला जेवायला. पुढे कधीतरी एका हिवाळ्यात त्याने एक ओळ लिहिली: आईचा जो मालक तोच कोकराचा मालक. सगळ्याच मेंढ्यांसाठी. बाकी जे झालं ते आपोआप झालं. त्याला कधी कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कधी कुणाला विचारलं नाही.

“त्या दोघांना वाटतंय, दर वर्षी दुसरा येऊन सांगतो,” डाग्नी म्हणाली.

फोनवर लाकडी चेंडूंचा आवाज येत राहिला.

“अरे देवा,” तो शेवटी म्हणाला. “अठरा वर्षं?”

“आता मी काय करू?”

“मला विचारू नकोस, पोरी. मी ते सूप गार होईल म्हणून लिहिलं होतं.”

फोन ठेवल्यावर तिने मास्तरची ती ओळ शोधून काढली. सहा शब्दांची होती. त्या सहा शब्दांच्या भरवशावर एक माणूस मेंढवाड्यात फळी ठोकत होता आणि एक बाई कुणाचे तरी उपकार मोजत होती. ओळ तशीच ठेवली तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. पण यंत्र बिघडत होतं. आणि नुसतं यंत्रच नाही, असं तिला वाटलं, पण नेमकं काय ते तिला सांगता आलं नसतं. तिने खुर्ची पुढे ओढली.

तिने ‘मालक’पुढचं ‘मजकूर, एक नाव’ काढून टाकलं आणि लिहिलं: नावांची यादी. फक्त तीनशे सातसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. ज्या मेंढीला एकच मालक तिची यादी एका नावाची, एवढंच. हे एका जागी लिहिल्याबरोबर त्रेसष्ट जागी तक्रारी उगवल्या, कारण त्रेसष्ट जागी कुणीतरी एकच नाव येईल अशा भरवशावर बसलं होतं. ती एकेक करून मिटवत गेली. पट्ट्यांच्या यंत्राला एकाखाली एक नावं छापायला शिकवलं. मग मास्तरच्या ओळीशी आली. एकाच मालकाच्या मेंढ्यांना ती लागू ठेवली. जिथे एकाहून जास्त नावं, तिथे मात्र आपोआप काही पुढे सरकणार नाही असं केलं. तिथे दर शरदात प्रत्येकाने स्वतः टेबलाशी येऊन सांगायचं, हो की नाही. सांगितलं नाही तर त्या जागी काहीच नाही.

सूर्य डोंगरामागे जायच्या आत तपासनीस गप्प झाला. शून्य. या वेळी तिने त्या शून्याकडे बघून शेवटचा क्लेनुर खाल्ला.

गुरुवारच्या बैठकीत केटिलने चष्मा लावून नमुन्याची पट्टी वाचली. “मालक, एक किंवा अनेक,” त्याने मोठ्याने म्हटलं. “अनेक कशाला? एका मेंढीपायी अकरा हजारांना अनेक?”

“गेल्या वर्षी त्या एका मेंढीनेच तुम्हा सगळ्यांना अंधारात कान चाचपायला लावले,” डाग्नी म्हणाली.

कोपऱ्यातून कुणीतरी खुसखुसलं, आणि वर्षानंतर पहिल्यांदाच त्या दिवसावर खोरं हसलं. ठरलं ते असं की शनिवारी चालला तर प्रोग्रॅमही राहील आणि डाग्नीही. न चालला तर कंपनीला फोन जाईल.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. सकाळी दहाच्या सुमाराला डोंगराच्या खांद्यावरून मेंढ्यांचा पांढरा ओघळ सुटला, मग त्याची नदी झाली आणि शेवटी कोंडवाडा काठोकाठ भरला. अर्धं खोरं आत उतरलं होतं. शाळेतली पोरं शिंगं धरून मेंढ्यांवर स्वार झाल्यासारखी फरफटत होती, लोकरी स्वेटरांतल्या म्हाताऱ्या दुरूनच आपली मेंढी ओळखून हाक मारत होत्या, एका बाजूला चारजण आधीच गायला लागले होते. डाग्नीचं टेबल घोडे न्यायच्या गाडीत, मागचं दार उघडं टाकून लावलं होतं. कानातला बिल्ला वाचायचा, पट्टी निघायची, मेंढी कप्प्यात. पहिल्या शंभर मेंढ्यांपर्यंत तिने पडद्यावरून नजर काढली नाही. हजारानंतर कुणीतरी तिच्या हातात कॉफी दिली आणि ती प्यायची आठवणही झाली.

साडेअकराला तीनशे सात आली. पट्टी निघालीच नाही. पडद्यावर लिहून आलं: मालकांनी येऊन सांगावं.

टोर्वी टोपी हातात घेऊन आला. मेंढी त्याने एका पोराकडे धरायला दिली होती.

“मी मंगळवारी सांगितलं ना तुला,” तो म्हणाला.

“ते तू, ती दर वर्षी येऊन सांगते असं धरून सांगितलंस. आता तुझं सांगायचंय.” डाग्नीने कॉफीचा पेला खाली ठेवला. हे बोलायला आपल्याला इतकं जड जाईल असं तिला वाटलं नव्हतं. “टोर्वी, मास्तरशी बोलले मी. दर वर्षी तिचं नाव कुणी सांगत नव्हतं. तिनेही नाही. प्रोग्रॅम आपला आपणच पुढे ढकलत होता.”

“कोणीच नाही?”

“कोणीच नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला, मग टोपीच्या आतल्या शिवणीकडे. मागे कुणीतरी त्याला हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही. डाग्नीच्या मनात आलं की आपण एका चांगल्या माणसाच्या घरातलं काहीतरी उचलून नेलं आहे, आणि आता तो सांगेल की माझं नावही काढ.

“यात किती नावं मावतात?” टोर्वीने विचारलं.

“हवी तितकी.”

“मग दोघांची लिही.” त्याने टोपी डोक्यावर घातली, तिरकी बसली, पुन्हा काढून घातली. “ती नको म्हणाली तर तिचं एकटीचं. पण माझ्याकडून दोघांची.”

हालबेरा लगेच आली नाही. ती आधी दोन टोपल्या क्लेनुर वाटत फिरली, टेबलाच्या दोन बाजूंनी गेली, आणि सगळं वाटून झाल्यावरच रिकाम्या टोपलीसकट समोर उभी राहिली.

“तो काय म्हणाला?”

“त्याचं त्याने सांगितलं. तुझं तू सांगायचं.” आणि मास्तरने सांगितलेलं डाग्नीने तिलाही सांगितलं, जसंच्या तसं, सूपसुद्धा.

हालबेराने टोपली टेबलावर ठेवली. तिचा चेहरा आधी रागाला आला, मग कुठे राग धरावा ते न सापडल्यासारखा रिकामा झाला.

“म्हणजे अठरा वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्याही देत होते आणि त्याचे आभारही मानत होते,” ती म्हणाली, “आणि बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही.”

“काहीच नाही.”

हालबेरा वळून बघू लागली. कोंडवाड्याच्या मधोमध टोर्वी एक हात मेंढीच्या शिंगावर ठेवून उभा होता. चौफेर ढकलाढकल चालली होती आणि तो मात्र तेवढ्या जागेत, डोंगराकडे तोंड करून, हवा बघत असल्यासारखा. त्याला हवेतलं काही कळत नाही, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

“दोघांचं लिही,” हालबेरा म्हणाली. “आणि त्याला सांग की—”

डाग्नी पेन्सिल घेऊन थांबली.

“नको,” हालबेरा म्हणाली. “मीच सांगते.”

ती टोपली विसरून, फळीवरून पाय टाकून आत उतरली. पोरं, मेंढ्या, गाणारे चौघं, सगळ्यांतून वाट काढत ती त्याच्यापर्यंत पोचली. काय बोलली ते डाग्नीला अकरा हजार मेंढ्यांच्या ओरड्यात ऐकू येणं शक्य नव्हतं. टोर्वीने टोपी काढलेली मात्र दिसली. मग हालबेराने मेंढीचं दुसरं शिंग धरलं, आणि ती दोघं मेंढीला मध्ये घेऊन कप्प्यांकडे निघाली.

वरच्या वाडीच्या की खालच्या, ते बघायला डाग्नी खुर्चीवरून अर्धी उठली. तेवढ्यात दारात केटिलची बायको इल्वा उभी राहिली, बाह्या सरसावून. तिच्या मागे आणखी सातआठ बायका होत्या आणि त्यांच्याही मागे, मान खाली घालून, खुद्द डोंगरराजा.

“अनेक चालतात असं ऐकलं,” इल्वा म्हणाली. “आमच्या चारशे मेंढ्या आहेत, नाव एकट्या केटिलचं. लिही, इल्वा.”